मरून रंगाची धूळ

"काका, जरा मागे सरका. उजेड अडतोय," मी म्हणाले.

काका मागे सरकले नाहीत. हाताची घडी घालून, मान तिरकी करून, माझ्या हातातल्या पेचकसाच्या टोकाकडे डोळे लावून तसेच उभे राहिले. माझ्या दुकानात गिऱ्हाइकासाठी एक स्टूल आहे, आणि त्या स्टुलावर गुपचूप बसणारं गिऱ्हाईक मला आवडतं. उभं राहणारं गिऱ्हाईक म्हणजे डोक्याला ताप. त्याला प्रत्येक स्क्रूची कुळकथा हवी असते.

"बसा ना हो."

"बसूनच आयुष्य गेलं," काका म्हणाले. "बस चालवायचो. आता कुठे उभं राहायला मिळतंय, तर राहू द्या."

टेबलावर त्यांचा कॉम्प्युटर आडवा पडला होता. साधासुधा नव्हता, खास गेम खेळण्यासाठी बांधून घेतलेला. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे, विटेएवढं जाडजूड ग्राफिक्स कार्ड. असली मशीनं माझ्याकडे कॉलेजातली पोरं आणतात, नाहीतर त्यांचे वैतागलेले बाप. इस्त्रीचा शर्ट घातलेला, पांढऱ्या मिश्यांचा माणूस असलं मशीन तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून दुकानात शिरताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"मुलाचं आहे का?" मी विचारलं होतं.

"का? मी चोरून आणल्यासारखा दिसतो?"

तिथेच आमचं जमलं.

तक्रार त्यांनी डॉक्टरला सांगावी तशी क्रमाने सांगितली. मशीन नवं होतं तेव्हा वाऱ्यासारखं पळायचं. मग शेवटच्या फेरीला अडखळायला लागलं. मग मधेच. आता तर गाडी सुरू झाल्यापासून रडतं. गाडी म्हणजे खेळातली. काका शर्यतीचा गेम खेळायचे. टेबलाला घट्ट बसवलेलं छोटं स्टिअरिंग, पायाखाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटर, आणि समोर रोज संध्याकाळी धाकटा भाऊ. तो दूरच्या शहरात, आपल्या घरातून खेळायचा. बोलायची सोय होतीच, त्यामुळे शर्यत कमी आणि चौकशा जास्त. पाठ कशी आहे, नातवंडं काय म्हणतात, अन् मग एकदम 'सांभाळ, डावीकडे वळण आहे'.

"त्याला सायकलपासून ट्रकपर्यंत सगळं मी शिकवलंय," काका म्हणाले. "हरण्याचं काही नाही हो. भावाशीच हरतोय. पण हल्ली तो वळणावर थांबतो."

"म्हणजे?"

"माझ्यासाठी थांबतो. मी मागून येईपर्यंत. त्याला वाटतं मला कळत नाही." त्यांनी घसा साफ केला. "काहीही करा बाई, पण हे पहिल्यासारखं पळवून द्या. त्याला एकदा मागे टाकायचंय."

"पळेल," मी म्हणाले. "माझ्या हातून गेलेलं मशीन त्याच दुखण्यासाठी परत येत नाही."

ही बढाई नव्हती. आमच्या गल्लीत किल्ल्या बनवणारा आणि चष्मेवाला यांच्यामध्ये माझं दुकान आहे, आणि आजवर कधी तोंडावर आपटले नव्हते म्हणूनच मी हे वाक्य बोलत आले होते. मी आधी मशीन चालू करून बघितलं. आतल्या आत नको ते प्रोग्रॅम चालू नव्हते. डिस्क भरलेली नव्हती. कसला व्हायरस नाही. बरंच काही जुनं होतं, ते अद्ययावत करायला लावलं.

"ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना झालाय," मी सांगितलं. म्हणजे त्या कार्डाला चालवणारा प्रोग्रॅम.

"समोरच उभाय," काका म्हणाले.

मी हसले, आणि काच काढून आत डोकावले.

आता धुळीचं सांगते. लोकांना वाटतं धूळ म्हणजे धूळ. तसं नसतं. मशीनच्या पंख्यात अडकलेली धूळ मला पाच मिनिटं बघू द्या, मी तुमचं घर सांगते. मांजर आहे की कुत्रा, ते तर कुणीही सांगेल. पण घरात कुणी सिगरेट ओढत असेल तर धूळ चिकट आणि पिवळी होते. शिक्षकाच्या घरची पांढुरकी असते. सुताराच्या मुलाच्या कॉम्प्युटरमधून मी एकदा चहाचा कप भरेल इतका भुसा काढला होता. माझा नवरा म्हणतो, तुला लोकांच्या घरात डोकवायची खोड आहे आणि तू तिला धंदा म्हणतेस. म्हणू दे.

काकांच्या मशीनमधली धूळ मरून रंगाची होती.

एकाच रंगाची, मऊ, लोकरीच्या तंतूंची. पंख्याच्या पात्यांवर आणि मागच्या जाळीवर तिचा थर बसला होता. वारा आत येणार कुठून? मशीन तापणार. आणि असलं मशीन तापलं की जळू नये म्हणून आपणहून वेग कमी करतं, यात त्याचा काही दोष नाही. दुखणं सापडलं. मी ती लव चिमटीत धरून काकांना दाखवली.

"घरात कुणी लोकरीचं विणकाम करतं का?"

काकांनी ती माझ्या बोटांतून घेतली. अंगठा आणि तर्जनीत चोळली. बराच वेळ चोळली. "नाही," म्हणाले, आणि ती खिशात टाकली. धूळ कुणी खिशात टाकतं का? पण मी तेव्हा कामात होते.

पंखा साफ केला. आतल्या चिपवरची सुकलेली पेस्ट खरवडून नवी लावली. ती लावायला हात अगदी स्थिर लागतो, जास्त झाली तर बाहेर सांडते, कमी पडली तर उपयोग नाही. काका वाकून बघत होते.

"आमच्या डेपोत तुम्हाला किल्ली मिळाली असती," ते म्हणाले.

"कसली?"

"बसची. आमचा एक फोरमन होता. सकाळी ड्यूटीवर जाताना प्रत्येक ड्रायव्हरला उभं करायचा आणि म्हणायचा, हात पुढे. असे." त्यांनी नुसतं हनुवटीने दाखवलं. "दोन्ही हात सरळ, बोटं पसरून. ज्याचा हात हलला त्याला किल्ली नाही. रात्रीची उतरली नसेल, ताप असेल, घरी भांडून आला असेल, कारण विचारायचा नाही. हात हलला की किल्ली जमा. फोरमन बदलले, पण आम्ही जुने लोक रोज स्वतःच हात पुढे करून बघायचो. कुणी सांगायची वेळ येऊ द्यायची नाही."

मी पेस्टची नळी खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे केले. काकांनी मिशीआडून गंभीरपणे पाहणी केली. "पास," म्हणाले.

"आता तुमचे."

"मी निवृत्त," काका हसले आणि हात पँटच्या खिशात घातले. "माझी किल्ली केव्हाच जमा झालीय."

मशीन पळालं. दुकानात चालवून दाखवलं, काका खूश होऊन गेले, आणि मीही विसरून गेले.

काही आठवड्यांनी ते पुन्हा दारात उभे राहिले. मशीन छातीशी.

"काका, नाही हं," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. स्टुलावर बसले. या खेपेला आपणहून बसले.

मी मशीन लावलं. रडत होतं. काच काढली, आणि माझं डोकंच फिरलं. पंख्यावर तीच मरून लव. एवढ्या थोड्या दिवसांत इतकी? वर्षभर न झाडलेल्या गोदामातसुद्धा एवढी बसत नाही. मी ज्या मशीनला हात लावला ते त्याच दुखण्यासाठी परत आलं होतं, आणि शेजारचा चष्मेवाला मान लांब करून बघत होता. माझा अगदी अपमान झाला. चीड दुखण्याची नव्हती, कुणीतरी माझ्या कामावर बोळा फिरवत होतं याची होती.

"तुमच्या घरात मरून रंगाचं काय आहे?" मी सरळच विचारलं.

काकांनी पंख्यावरची लव नीट बघून घेतली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही घरी याल का? तिथेच उघडा, तिथेच साफ करा. आणि संध्याकाळी या, आमच्या खेळाच्या वेळेला. मला माझ्या टेबलावर, माझ्या खुर्चीत बसून एकदा स्वच्छ मशीन चालवायचंय. मधे कुणाचा हात न लागलेलं."

ते शेवटचं वाक्य मला खटकलं. पण मी घरी जायला एका पायावर तयार होते. माझ्या मशीनला कोण नाट लावतंय ते मलाही बघायचं होतं.

दार काकूंनी उघडलं. उंच, ताठ, पदर खोचलेला. मी आत पाऊल टाकलं आणि माझी खात्रीच पटली की या घरात धूळ असूच शकत नाही. खिडकीच्या गजांना आडवं बोट फिरवलं असतं तरी काही लागलं नसतं. दाराशी चपला एका रेषेत. पुस्तकांच्या फळीवर पुस्तकं उंचीप्रमाणे. काकांचं टेबल खिडकीशी, त्यावर स्क्रीन आणि स्टिअरिंग, आणि शेजारी फरशीवर मशीन ठेवायची मोकळी जागा. त्या जागेवरची फरशीही पुसलेली. एवढ्या घरात धूळ राहायला आली ती फक्त त्या डब्यात?

काका मशीन खाली ठेवून तारा सोडवायला बसले. काकूंनी चहा आणला. माझा कप त्यांनी समोर ठेवला, कान उजवीकडे. काकांचा ठेवला, कान डावीकडे. काकांनी डाव्या हाताने कप उचलला. धुळीवरून घर ओळखणाऱ्या बाईच्या नजरेतून कपाचा कान कसा सुटेल?

हात धुवायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेले. मागच्या गॅलरीत दोरीवर एक जुनं ब्लँकेट वाळत होतं. मरून. एका कोपऱ्याचा चौकोनी तुकडा कापून काढलेला, आणि कापलेली कड आत दुमडून, बारीक टाके घालून शिवलेली. दुसऱ्या कुणी तशीच फाटकी सोडली असती. या बाईला चोरीच्या जागेलाही टीप घातल्याशिवाय राहवलं नव्हतं.

"काकू," मी म्हणाले, "तुकडा कुठे आहे?"

त्यांनी आव आणला नाही. डाव-पळ्यांचा खण उघडला आणि आतून घडी घातलेला चौकोन काढून ओट्यावर ठेवला.

"मागच्या जाळीला लावते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ते खेळायला बसायच्या आधी. झाल्यावर काढून घेते. जळायबिळायचं नाही ना?"

"आपणहून हळू होतं. म्हणून वाचलंय. पण काकू, का?"

त्यांनी बाहेरच्या खोलीकडे बघितलं. काका तिथे वाकून एक तार दुसरीपासून सोडवत होते. त्याला लागायला नको इतका वेळ लागत होता.

"हे ब्लँकेट त्यांच्या डेपोचं," काकू म्हणाल्या. "मुक्कामाच्या गाडीवर असले की पांघरायचे. गेल्या थंडीत ऊन दाखवून आणलं आणि सहज त्या डब्यावर टाकलं. संध्याकाळी हे खेळायला बसले आणि मशीन अडकायला लागलं. हरले. पण त्या दिवशी कॉम्प्युटरवर चिडले. त्याच्या आधी पंधरा-वीस दिवस स्वतःवर चिडत होते, बोलत नव्हते, ताटातलं तसंच टाकून उठत होते. त्या दिवशी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या आणि दोन घास जास्त जेवले."

"आणि तुम्ही कात्री घेतली."

"मग काय करू?" त्यांचा आवाज चढला, त्यांनी तो खाली ओढला. "उजव्या हाताचं काहीतरी बिनसलंय. बटण लावायला वेळ लागतो. सही वेगळी यायला लागलीय. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, आधी कॉम्प्युटरला दाखवून येतो. अहो, सगळी नोकरी गेली, एक ओरखडा नाही गाडीवर. त्या माणसाला मी सांगू, की तुम्हाला आता चालवता येत नाही? माझी जीभ नाही रेटत. राहू दे दोष त्या डब्याचा. तो काय, लोखंडाचा आहे."

मला त्यांचा राग यायला हवा होता. माझ्या कामाची त्यांनी पार वाट लावली होती. पण त्या उंच बाईच्या पापण्या ओल्या झाल्या होत्या. तरी मी बोलले, कारण जे मला पक्कं माहीत आहे ते मी गिळून टाकत नाही.

"काकू, तुमचं घर, तुमचा माणूस. पण एक सांगते. तापलेलं मशीन लवकर उघडलं तर पेस्ट बदलून भागतं. उशिरा आणतात, तेव्हा मी फार काही करू शकत नाही. तुम्ही त्यांना कॉम्प्युटरआड लपवताय, आणि त्या कॉम्प्युटरमुळे ते डॉक्टरकडे जात नाहीत."

काकूंनी ओट्यावरचा चौकोन उचलून मुठीत धरला.

"मी आता ते साफ करणार. आणि मी मुद्दाम हळू करून मशीन देत नाही. कुणालाच. उद्या तुम्ही तो तुकडा लावा नाहीतर नका लावू. आज नाही."

मी बाहेर आले. गुडघे टेकून बसले आणि काम केलं. काका समोर उभे, हाताची घडी. सगळी लव ब्रशने काढली, हवेने उडवली, जाळी पुसली, मशीन भिंतीपासून चांगलं पुढे ओढून ठेवलं. चालू केलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात वेगाचा आकडा लावला, म्हणजे मशीन धापा टाकायला लागलं की तो खाली येईल आणि लाल होईल. मग मी स्वतः एक फेरी मारली. भिंतीवर आदळले, कठडा तोडला, उलट्या दिशेने घातली. आकडा हिरवा तो हिरवाच.

"मशीन चोख आहे," मी म्हणाले. "मी चोख नाही."

काका हसले आणि खुर्चीत बसले. मी बाजूला झाले. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. तो चौकोन त्यांच्या मुठीत होता. टाकायचं भान राहिलं नव्हतं.

स्पीकरमधून भावाचा आवाज आला. "दादा, आलास? काय म्हणतंय मशीन?"

"आज ठणठणीत आहे," काका म्हणाले. "आज थांबू नकोस."

"मी कधी थांबतो?" भाऊ म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

शर्यत सुरू झाली. सरळ रस्त्यावर काका सुरेख चालवत होते. खांदे सैल, नजर लांब. मला वाटलं, काकू उगीच घाबरल्या. मग पहिलं मोठं वळण आलं. काकांचे डोळे वळणावर वेळेत गेले, पाय ब्रेकवर वेळेत गेला, डावा हात वळला. उजवा जरासा मागून आला. तेवढ्याने गाडी रस्त्याच्या कडेला घासली. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वळणावर गाडी फिरून आडवी झाली. काकांनी एकदाही शिवी दिली नाही. दर वेळी ते फक्त कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत होते. तो हिरवा होता.

टेकडी ओलांडून गाडी पलीकडे गेली, तर वळणाशी भावाची पिवळी गाडी उभी होती.

"ये ये दादा," भाऊ म्हणाला. "माझी जरा घसरली इथे."

काकांनी गाडी त्याच्याशेजारी नेली आणि थांबवली. स्टिअरिंगवरून हात काढले. खोलीत मशीनच्या पंख्याचा तेवढा आवाज होता, एकसारखा, मोकळा.

"एक मिनिट हं," ते भावाला म्हणाले.

मग त्यांनी दोन्ही हात समोर धरले. सरळ, बोटं पसरून. डावा खिडकीच्या गजासारखा स्थिर होता. उजव्याचा अंगठा आणि पहिलं बोट थरथरत होती, त्या दिवशी लव चोळताना हलली होती तशी. मला तेव्हा वाटलं होतं ते लव चोळतायत.

काका हाताकडे बघत राहिले. फोरमनने बघावं तसं, न रागावता, न लाजता. काकू दारातून दोन पावलं पुढे आल्या आणि थबकल्या.

"किल्ली जमा," काका म्हणाले आणि हात मांडीवर ठेवले.

"अहो, मशीनमध्येच असेल काहीतरी," काकू म्हणाल्या. "बाईंना पुन्हा एकदा..."

"ये इकडे. आणि तो तुकडा घेऊन ये."

काकूंनी मुठीकडे बघितलं.

"पहिल्याच दिवशी बाईंनी हातावर ठेवली ना धूळ, तेव्हाच ओळखली. त्या ब्लँकेटात सगळी मुक्कामाची गावं झोपून काढलीत मी. आणि स्क्रीन चालू व्हायच्या आधी काळी असते, माहितीय? त्यात मागचं सगळं दिसतं. रोज वाकायचीस. सबंध जन्म मागच्या आरशात बघून गाडी चालवली, मला घरातलं दिसणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?" काकूंना रडू आणि राग एकदमच आला.

"एवढ्या मायेनं कोंबत होतीस." काका थांबले. "आणि खरं सांगू? मलाही बरं वाटत होतं. मशीन हरतंय, मी नाही. पण वळणावर तो थांबला की झोप लागायची नाही. म्हटलं, गाडी का मी, एकदा कळू दे."

"तर मग मला सरळ सांगायचं, तो तुकडा काढायला लावा म्हणून," मी म्हणाले. "दोनदा मशीन कशाला वाहून आणलंत?"

"गाडी नीट तपासल्याशिवाय ड्रायव्हरला बोल लावत नाहीत बाई. डेपोचा नियम होता." ते माझ्याकडे वळले. "तुमचं काम चोख आहे. परत यावं लागलं त्यात तुमची चूक नाही, हे चष्मेवाल्यालाही सांगेन."

एवढं त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

"उद्या जाऊ डॉक्टरकडे," काका काकूंना म्हणाले. "तिथेही स्टुलावर बसवतील. बसेन."

"दादा?" स्पीकर म्हणाला. भाऊ इतका वेळ सगळं ऐकत होता, आणि त्याचा आवाज बसला होता. "दादा, आज राहू दे खेळ. नुसतं बोलू."

"राहू दे कशाला? गाडी रस्त्यात उभीय. मागून कुणी येऊन ठोकेल." काका उठले. खुर्ची त्यांनी डाव्या हाताने मागे ओढली. "तुझी वहिनी चालवेल."

"मी?" काकू म्हणाल्या. "मला साधी सायकल येत नाही."

"त्यालाही येत नव्हती. मीच शिकवली. बस."

काकू बसल्या, पण स्क्रीन त्यांना नीट दिसेना. उंच बाई, पण काका त्याहून उंच, आणि खुर्ची त्यांच्या मापाने खाली केलेली. काकांनी त्यांच्या हातातून मरून चौकोन घेतला, आणखी एक घडी घातली आणि म्हणाले, "हे खाली घे." त्यांनी तो घेतला आणि ताठ बसल्या, परीक्षेला बसल्यासारख्या. पदर पुन्हा खोचला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं, जणू ते पळूनच जाणार होतं.

"वहिनी, सावकाश हं," भाऊ म्हणाला.

"तू गप. मी यांचं ऐकतेय."

मी हत्यारं पिशवीत भरत होते. गाडी एकदम उसळली, कठड्यावर गेली, तिथून गवतात, आणि काकू "अगं बाई" करून ओरडल्या. भाऊ हसला. काकाही हसले. "पाय काढ. पाय काढ आधी. हां. आता बघ लांब, बॉनेटकडे बघू नको. रस्ता कुठे जातोय ते बघ."

मी निरोप घ्यायला थांबले नाही. दाराशी चपला घालताना मागे वळून बघितलं तेवढंच. मशीन एका लयीत, मोकळा श्वास घेत चाललं होतं. काकू डोळे फाडून स्क्रीनकडे बघत होत्या. काका त्यांच्या खुर्चीमागे उभे होते, डाव्या हाताने उजवं मनगट पाठीशी धरून. समोर टेकडी संपत आली, वळण दिसायच्या बेतात होतं, आणि फरशीवर, जिथे ब्रेक नव्हता तिथे, काकांचा उजवा पाय हळूच दाबला गेला. अगदी वेळेवर.